हाडावरची दहा अक्षरे

दहाव्या शतकातली गोष्ट. आइसलंडचा एगिल स्काल्लाग्रीमसन व्हर्मलंडच्या, म्हणजे आजच्या स्वीडनमधल्या, वाटेवर थोरफिन नावाच्या शेतकऱ्याकडे जेवायला थांबला. एगिल लढवय्या, कवी आणि रून लिपीचा पक्का जाणकार. जेवता जेवता त्याला बाकावर निजलेली एक मुलगी दिसली. ती थोरफिनची लेक, हेल्गा. किती दिवस अंथरुणाला खिळलेली, रात्री डोळ्याला डोळा नाही, भ्रमिष्टासारखी झालेली.

काही उपाय केलात का, एगिलने विचारले. केला, बाप म्हणाला. जवळच्याच एका शेतकऱ्याच्या मुलाने रून कोरून दिले होते. पण तेव्हापासून दुखणे वाढतच गेले.

रून कोरणे हाताला अवघड नव्हते. लाकडाच्या रेषांत आडवी रेघ हरवते, म्हणून ही अक्षरे उभ्या आणि तिरक्या रेघांचीच घडली. चाकू असला की कोणीही कोरावीत. वाचणे मात्र कठीण होऊन बसले होते. जुनी वर्णमाला 24 चिन्हांची. आठव्या शतकाच्या सुमारास त्यांतली 16 उरली. भाषेतले उच्चार काही कमी झाले नव्हते, उलट वाढले होते. त आणि द एकाच चिन्हात, क आणि ग एकाच चिन्हात. न आणि अ यांत फरक काय, तर उभ्या दांड्याला छेदणारी छोटी रेघ उजवीकडे उतरते की चढते, एवढाच! शब्द ठाऊक नसलेल्याचा हात तिथे हटकून चुकणार. अशा लिपीत नुसत्या नकलेवर भागत नाही.

एगिलने हेल्गाला उचलायला लावले, अंथरूण चाचपले. आत देवमाशाचे हाड सापडले, त्यावर दहा अक्षरे. मला इथे त्याचे मोठेपण दिसते: हाड हाती येताच त्याने ते फेकून दिले नाही. आधी वाचले. काय बिघडले आहे ते कळल्यावर मगच सगळी अक्षरे खरवडली, कीस विस्तवात टाकला, हाडही जाळले, पांघरुणे वाऱ्यावर टाकायला लावली. ज्याला रून वाचता येत नाहीत त्याने ते कोरू नयेत, अशा अर्थाचे कवन तिथल्या तिथे रचून म्हटले. मग स्वतः नवे रून कोरून तिच्या उशाखाली ठेवले. झोपेतून जाग यावी तसे हेल्गाला वाटले. बरे वाटतेय म्हणाली, पण अंगात त्राण नव्हते.

परतीच्या वाटेवर एगिल पुन्हा त्याच घरी उतरला. हेल्गा हिंडू-फिरू लागली होती. रून कोरणारा तो मुलगा कोण, हेही तेव्हाच उलगडले. त्याने हेल्गाला मागणी घातली होती, ती नाकारली गेली होती. त्याला दुखणे आणायचे नव्हतेच. तिचे मन आपल्याकडे वळावे, म्हणून त्याने प्रेमाचे रून कोरायला घेतले होते.