प्रस्तारापासून प्रोग्रामपर्यंत

गाणे नियमांत मांडता येते, ही कल्पना संगणकापेक्षा पुष्कळ जुनी आहे. कानाला इअरफोन लावून कोड लिहिणारा डेव्हलपर आज पुण्यात आणि हैदराबादेत दिसतो, तसा अर्धापूरसारख्या तालुक्याच्या गावीही घरून काम करताना दिसतो. त्याचा कोड पोटापाण्याचा आणि कानातले गाणे विरंगुळ्याचे, अशी विभागणी सहज केली जाते. पण मोजके नियम लिहायचे आणि त्यांतून मोठा विस्तार उभा करायचा, हे त्याच्या कामाचे मूळ तंत्र भारतात फार पूर्वी छंद आणि स्वर यांच्यासाठी घडवले गेले. त्यातला एक महत्त्वाचा टप्पा तर मराठवाड्यातच, देवगिरीला, पार पडला.

सुरुवात छंदापासून होते. पिंगलाच्या छंदःशास्त्रात अक्षरे दोनच प्रकारची आहेत: लघु आणि गुरू. चार अक्षरांच्या चरणात त्यांच्या 16 रचना होतात, पाच अक्षरांच्या चरणात 32. या सर्व रचना एकही न सुटता आणि एकही दोनदा न येता ओळीने मांडण्याच्या रीतीला प्रस्तार म्हणतात. तिच्या जोडीला आणखी दोन रीती आल्या. क्रमांक दिला असता रचना शोधणे म्हणजे नष्ट, आणि रचना दिली असता तिचा क्रमांक सांगणे म्हणजे उद्दिष्ट. पुढे मात्रावृत्तांचा विचार करताना विरहांक आणि हेमचंद्र यांनी 1, 2, 3, 5, 8, 13 ही संख्यामाला मांडली. प्रत्येक संख्या आधीच्या दोन संख्यांची बेरीज असते, हे त्यांना कवितेच्या मात्रा मोजताना उमगले.

तेराव्या शतकात हा विचार स्वरांकडे वळला. देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या दरबारात गणित आणि संगीत या दोन्ही विद्यांना आश्रय होता. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा सिंघणाचा राजज्योतिषी. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्याने मठ स्थापन केल्याचे चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेख सांगतो. 1150 सालच्या ‘लीलावती’त अंकपाश नावाचे प्रकरण आहे, त्यात अंकांच्या क्रमपालटांचेच गणित येते. याच दरबारात शार्ङ्गदेव होता. त्याचे घराणे मूळचे काश्मीरचे. त्याचा अधिकार श्रीकरणाचा, म्हणजे राज्याच्या हिशेबाचा. दिवसा जमाखर्च पाहणाऱ्या या माणसाने ‘संगीतरत्नाकर’ हा सात अध्यायांचा ग्रंथ लिहिला.

त्या ग्रंथातल्या स्वरगताध्यायात तानांचा प्रस्तार आहे. सा, रे, ग एवढे तीनच स्वर घेतले तर रीत अशी चालते. पहिली ओळ सरळ क्रमाची: सारेग. पुढची ओळ लिहिताना डावीकडून एकेक स्वर पाहायचा आणि त्याच्याखाली त्याच्या लगतचा खालचा स्वर ठेवायचा. तो स्वर उजवीकडे आधीच असेल तर त्याच्याही खालचा घ्यायचा, तसा कोणताच न मिळाला तर पुढच्या स्वराकडे जायचे. उजवा भाग आहे तसा उतरवायचा आणि डावीकडे उरलेले स्वर मूळ क्रमाने भरायचे. यातून सारेग, रेसाग, सागरे, गसारे, रेगसा, गरेसा अशा सहा ओळी मिळतात. गरेसा आल्यावर नियमाला पुढे जागा राहत नाही, म्हणून प्रस्तार तिथेच थांबतो. चार स्वरांच्या 24 ताना होतात, सात स्वरांच्या 5040. शार्ङ्गदेवाने खंडमेरू नावाचा कोठाही दिला आहे. त्याच्या आधारे 5040 पैकी कोणतीही तान, आधीच्या ताना न लिहिता, थेट क्रमांकावरून काढता येते. ठरलेली सुरुवात, प्रत्येक पावलाचा निःसंदिग्ध नियम आणि निश्चित शेवट, या तीन गोष्टी ज्या रीतीत आहेत तिला आज अल्गोरिदम म्हणतात. तीन स्वरांच्या या सहा ओळींत त्या तिन्ही दिसतात.

प्रस्तार सगळ्या शक्यता देतो, त्यांतली गाण्याजोगी कोणती हे मात्र सांगत नाही. शार्ङ्गदेवाला याची पूर्ण जाण होती. रागांचा विवेक त्याने वेगळ्या अध्यायात केला आणि गायकाच्या गुणदोषांसाठी प्रकीर्णकाध्यायात जागा राखली. पुढे मेरुखंड या नावाने ही रीत रियाझात टिकली. मुंबईच्या भेंडीबाजार घराण्याने ती जोपासली आणि उस्ताद अमीर खाँ यांच्या आलापीत तिचा प्रभाव स्पष्ट ऐकू येतो. तिथे गायक क्रमपालटांचा अभ्यास करतो, मैफलीत मात्र रागाला मानवतील तेवढेच पालट घेतो. नियमाने पसरवायचे आणि कानाने निवडायचे, ही कामाची वाटणी इथे पक्की झाली.

संगीताच्या नियमाचा दुसरा उपयोग म्हणजे मांडणी, आणि त्याचे थोर उदाहरण नांदेडला आहे. 1708 मध्ये गुरू गोविंदसिंगांनी गोदाकाठी ज्याला गुरुपद दिले, त्या गुरू ग्रंथसाहिबाची रचना विषयानुसार किंवा काळानुसार केलेली नाही. मुख्य भाग आधी रागानुसार लावला आहे, रागाच्या आत रचनाप्रकारानुसार आणि त्याच्या आत गुरूंच्या क्रमानुसार. संतांची वाणी ज्या रागांत आहे, त्या रागांच्या अखेरीस येते. 1604 साली गुरू अर्जनदेवांनी संकलित केलेल्या मूळ ग्रंथात गुरू तेगबहादुरांच्या रचना पुढे मिळवल्या गेल्या, त्यांच्याबरोबर जैजैवंती हा राग आला आणि रागांची संख्या 31 झाली. आधीची मांडणी जराही हलली नाही. नव्या भरतीने जुनी रचना मोडू नये, ही कोणत्याही चांगल्या डेटाबेसकडून असलेली अपेक्षा इथे रागाने पुरी केली. या ग्रंथात संत नामदेवांची 61 पदे आहेत. नांदेडहून हिंगोलीकडे जाणारा रस्ता अर्धापूरवरून जातो आणि त्या वाटेने पुढे हिंगोली जिल्ह्यात नामदेवांचे नरसी आहे. नरसीचे पद पंजाबात पोचून नांदेडला परतले, तेव्हाही ते कोणत्या रागात गायचे याची खूण त्याच्यासोबत होती.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चाल कागदावर उतरवण्याचा प्रश्न ऐरणीवर आला. गुरुमुखातून चालत आलेल्या बंदिशी छापायच्या तर लिपी हवी होती. विष्णु दिगंबर पलुसकर आणि विष्णु नारायण भातखंडे यांनी आपापल्या स्वरलिपी सिद्ध केल्या. व्यवसायाने वकील असलेल्या भातखंड्यांची खुणांची योजना फार आटोपशीर आहे: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र स्वराखाली टिंब, तार स्वरावर टिंब, समेला फुली आणि खालीला शून्य. मराठीत लिहिलेल्या ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांतून शेकडो बंदिशी अशा छापल्या गेल्या. दहा थाटांत रागांचे वर्गीकरणही त्यांनीच रूढ केले. स्वरलिपीवर तेव्हापासून एक आक्षेप घेतला जातो: मींड, आंदोलन आणि श्रुतीचा बारकावा कागदावर येत नाही. आक्षेप खरा आहे. ज्याने ती बंदिश ऐकली आहे त्याला लिपी आठवण करून देते, न ऐकलेल्याला ती नुसता सांगाडा देते.

युरोपात त्याआधीच नियम पाळणारे यंत्र आकाराला येत होते. चार्ल्स बॅबेजच्या नियोजित यंत्रावर 1843 साली टिपणे लिहिताना एडा लव्हलेस यांनी असा विचार मांडला की, स्वरांचे परस्परसंबंध यंत्राला कळतील अशा रूपात मांडता आले तर ते संगीतरचनाही करू शकेल. 1957 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये मॅक्स मॅथ्यूज यांच्या प्रोग्रामने संगणकाकडून सतरा सेकंदांची धून वाजवून घेतली. 1983 मध्ये मिडी हे प्रमाण आले. त्यात प्रत्येक स्वराला 0 ते 127 पैकी एक क्रमांक मिळतो. पियानोच्या पट्ट्यांसाठी बेतलेल्या या क्रमांकांत एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड सहज बसत नाही. म्हणजे भातखंड्यांच्या कागदावरची अडचण संगणकातही तशीच उभी राहिली. मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्समध्ये सुवर्णलता राव आणि विम व्हान डर मीर यांनी रागाचा आलेख पडद्यावर स्वरासोबत सरकत जाईल असे काम केले, ते याच अडचणीला उत्तर म्हणून. त्यात स्वर ठिपका नसतो, वळणे घेत जाणारी रेघ असते.

1980च्या दशकात लखनौला नियमांतून संगीत काढण्याच्या कल्पनेची खरी कसोटी लागली. संगीताभ्यासक जेम्स किपन हे लखनौ घराण्याचे खलिफा उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकत होते. संगणकतज्ज्ञ बर्नार्ड बेल यांनी त्यांच्यासाठी बोल प्रोसेसर हे सॉफ्टवेअर लिहिले. सुरुवातीला ते तबल्याचे बोल झटपट टंकता यावेत एवढ्यापुरते होते, एका कळीला एक बोल. मग त्यात कायद्याचे, म्हणजे एका मुखावरून पलटे काढत विस्तारायच्या तबल्यातल्या रचनेचे, व्याकरण आले. कायद्याच्या विस्ताराला शिस्त असते: मुखात आलेले बोलच पलट्यांत यायचे, आणि खालीच्या भागात धा चा ता होतो, धिन चा तिन. असे नियम लिहून संगणकाकडून नवे पलटे काढले जात आणि उस्तादांपुढे ठेवले जात. उस्ताद काही स्वीकारत, काही नाकारत. नाकारलेल्या पलट्यातून नियमातली चूक कळे, व्याकरण दुरुस्त होई आणि पुन्हा पलटे निघत. पुढे बेल यांनी कवाइद नावाचा प्रोग्राम केला. तो उदाहरणांवरून स्वतः व्याकरण बांधी, आणि जिथे शंका येई तिथे जाणकाराला प्रश्न विचारी. उस्तादांना व्याकरणाचे सूत्र सांगावे लागले नाही. त्यांनी चूक ओळखली, आणि तेवढ्याने सूत्र घडत गेले.

डेव्हलपरच्या रोजच्या कामाची घडण नेमकी हीच आहे. तो कोड लिहितो, चालवून पाहतो, वापरणारा कुठे अडखळतो ते बघतो आणि पुन्हा लिहितो. प्रोग्राम म्हणजे त्या कामाविषयीची एक समजूत असते, आणि ती समजूत खरी की खोटी याचा निवाडा ते काम हाताने करणारा माणूस देतो. बँकेचे सॉफ्टवेअर कॅशियरकडून तपासून घ्यावे लागते, तसे कायद्याचे व्याकरण तबलजीकडून.

हेच बर्नार्ड बेल 1990च्या दशकात पुण्यात जात्यावरच्या ओव्यांच्या कामात आले. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी ऐंशीच्या दशकात मावळ-मुळशीच्या डोंगरी गावांतून ओव्या गोळा करायला आरंभ केला होता. पुढे हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या उतरवल्या गेल्या. बेल यांनी शंभर तासांहून अधिक गायन ध्वनिमुद्रित केले आणि ओव्यांच्या डेटाबेसची उभारणी केली. 1996 मध्ये बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगर वस्तीत मुद्रित झालेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्या याच संग्रहात आहेत. प्वातवँ आणि राईरकर यांच्या निधनानंतर हे धन पारी, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या संस्थेने स्वीकारले आणि 2017 पासून ते लोकांपुढे येऊ लागले.

इथे नियमाला वेगळे काम होते. ओवी काढायला संगणक नको होता. ती पहाटे, जात्याच्या फेऱ्याबरोबर, खुंटा धरलेल्या बाईच्या तोंडून येत असे. दोघी समोरासमोर बसल्या की एकीने ओळ सांगावी आणि दुसरीने उचलावी. जात्याचा फेरा हाच ताल, आणि दाणे संपेपर्यंत गाणे. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा खांद्यावरचे कष्ट कमी झाले, ते व्हायलाच हवे होते, पण ओवीला जन्म देणारे कामही संपले. म्हणून सॉफ्टवेअरचे काम होते जपण्याचे आणि सापडवून देण्याचे: माहेर, भाऊ, लेक, सासुरवास, पंढरी अशा विषयांनी लावणे, आणि प्रत्येक ओवीसोबत गाणारीचे नाव आणि गाव ठेवणे. ग्रंथसाहिबात पद रागाच्या खुणेने सापडते, तशी इथे ओवी विषयाच्या आणि गावाच्या खुणेने सापडते.

आता असंख्य ध्वनिमुद्रणांवरून शिकून क्षणात नवे गाणे तयार करणारे प्रोग्राम आले आहेत. उदाहरणांवरून शिकणे कवाइदनेही केले होते. फरक विचारण्याचा आहे. कवाइद अडला की उस्तादांना विचारी. नवे प्रोग्राम ज्यांच्या गाण्यावरून शिकतात त्यांना सहसा विचारत नाहीत, आणि कोणाकडून काय घेतले याची नोंदही सहसा ऐकणाऱ्यापर्यंत येत नाही. देवगिरीच्या प्रस्तारापासून नियम लिहिण्याची शक्ती वाढत गेली आहे. तिच्यासोबत दोन जबाबदाऱ्याही या वाटेवर ठरत गेल्या: निघालेले फळ जाणत्या कानाकडून तपासून घेणे, आणि गाणे ज्याचे त्याच्या नावावर ठेवणे. यांपैकी कोणतीही आपोआप पार पडत नाही. ती कोडमध्ये लिहावी लागते, आणि लिहायची की नाही हे कोड लिहिणाराच ठरवतो.