देहाचा तोल आणि बुद्धीची समता

सुखदुःखांत समबुद्धी राखावी, हा उपदेश गीतेच्या वाचकास नवा नाही. परंतु ज्याच्या पायांखालची भूमीच फिरू लागते, त्याने समता राखावी ती कशी? अंतःकर्णाच्या जुनाट विकाराने पीडलेल्या गृहस्थापुढे हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहतो.

कानाच्या आतील भागात श्रवणाचे इंद्रिय आणि तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका परस्परांस जोडलेल्या असतात. ह्या विकारात तेथील द्रवाचा संचय वाढलेला आढळतो. चक्राकार भोवळ, ओकारी, कानात नाद आणि मंदावत जाणारे श्रवण ही त्याची लक्षणे होत. झटका काही मिनिटे ते कित्येक तास टिकतो. पुन्हा केव्हा येईल, ते सांगता येत नाही. पॅरिसच्या मूकबधिरांच्या संस्थेतील वैद्य प्रॉस्पर मेनिएर ह्यांनी १८६१ साली ह्या भोवळीचे मूळ कानात असल्याचे दाखविले. तोवर मेंदूत रक्त साठले असे समजून अशा रोग्यांचे पुष्कळदा रक्त काढीत. रोगाचे स्थान चुकले, म्हणजे उपायच पीडा होऊन बसतो.

हीच चूक घरोघर होते. रोगी म्हणतो, ‘माझे मनच दुबळे.’ घरची माणसे म्हणतात, ‘कामाच्या वेळीच ह्याला भोवळ कशी येते?’ शेजारी पूर्वकर्माकडे बोट दाखवितात. रणांगणावर अर्जुनासही उभे राहवेना व त्याचे मन भ्रमू लागले. पण तो भ्रम मोहाचा होता, म्हणून उपदेशाने निवळला. कानाच्या भ्रमास वैद्यच हवा. तेथे उपदेश करणे म्हणजे तहानेल्यास पाण्याऐवजी प्रवचन देणे होय.

मग समतेला स्थान कोठे? झटका ओसरल्यावर भय उरते, तेथे. पुढच्या झटक्याच्या धास्तीने आजचे कर्तव्य टाकू नये. आणि लोकलाजेने रोग लपवून शिडीवर चढू नये, लेकरास मागे बसवून वाहनही हाकू नये. असे करणे धैर्य नव्हे. तो दुसऱ्याच्या जीविताशी खेळ आहे. जे काम होत नाही ते निःसंकोच दुसऱ्याच्या हाती द्यावे, जे होते ते मनापासून करावे. झटक्यात देह पडला, तरी त्याने समता भंगत नाही. देह आणि बुद्धी ह्यांचे तोल निराळे आहेत.

कुटुंबाचा धर्मही ह्याहून सोपा नाही. रोग्याच्या समोर येऊन सावकाश बोलावे, एका वेळी एकानेच बोलावे, चुकीचे ऐकले म्हणून हसू नये. वैद्याने मीठ कमी करावयास सांगितले असेल, तर त्याचे ताट वेगळे न काढता सर्वांनीच थोडे अळणी जेवावे. भोवळीत त्याचा हात धरणे सोपे आहे. भोवळ नसताना त्याच्या शब्दावर विश्वास ठेवणे कठीण. ज्या घरात तो विश्वास आहे, तेथे रोग्याची समता एकट्याच्या बळावर उभी राहत नाही.