पात्रता आधी की भरवसा आधी?

आपल्या मंडळ्यांत तरुणांविषयी बोलताना एक वाक्य वारंवार कानी पडते की, तरुण ही उद्याची मंडळी होय. वाक्य प्रेमाने उच्चारलेले असते आणि तरुणही ते खाली मान घालून ऐकून घेतात. परंतु ज्याचा बाप्तिस्मा झाला, ज्याने मंडळीसमोर उभे राहून आपला विश्वास कबूल केला आणि जो प्रभूच्या मेजाजवळ येतो, तो आजच ख्रिस्ताच्या शरीराचा अवयव आहे. आपल्या हाताला कोणी उद्याचा हात म्हणतो काय? तेव्हा ‘उद्याची मंडळी’ ह्या गोड शब्दांचा व्यवहारातला अर्थ ‘आज नको’ एवढाच होतो, हे आपण मान्य केले पाहिजे.

आज का नको, ह्याचे उत्तर वडीलजन देतात ते असे: मुले कच्ची आहेत; पात्रता आली म्हणजे जबाबदारी देऊ. हे उत्तर खोटे नाही. मुले कच्ची असतात. परंतु जबाबदारीची पात्रता यावी कोठून? ती जबाबदारी वाहिल्यानेच येते. पाण्यात उतरल्यावाचून पोहणे येत नाही, आणि पोहणे आल्यावाचून पाण्यात उतरू नये असे म्हणणारा बाप मुलाला जन्मभर काठावरच ठेवील. मग पात्रता आधी की भरवसा आधी?

हा प्रश्न सध्या भिवंडीजवळ अंजूरच्या बाजूस आमच्यासमोर उभा आहे. अंजूर म्हटले की जाणत्या माणसास गंगाजी नाईक आठवतात. पोर्तुगीजांच्या अमलात धर्माच्या नावाने जी बळजबरी झाली तिच्याविरुद्ध ज्यांनी हालचाल केली, आणि १७३७ ते १७३९ ह्या वसईच्या मोहिमेत ज्यांनी मराठ्यांस साह्य केले, त्यांत ह्या नाईक घराण्याचे नाव आहे. ख्रिस्ताचे नाव सांगणाऱ्याने हे विसरू नये. ह्या मुलखात ते नाव एके काळी सत्तेच्या जोरावर आले व लोकांच्या मनात सल ठेवून गेले. आता त्याच परिसरात शेतांच्या जागी गोदामे उभी राहिली आहेत, आणि आपल्या खेड्यांतील मुले तेथे माल चढविण्या-उतरविण्याच्या कामास येऊन राहतात. त्यांच्या हाती सत्ता नाही, पैसा नाही. एका खोलीत पाच-सहा जण राहतात. ह्या मुलांच्या वागणुकीतून शेजाऱ्यास ख्रिस्त दिसला तर दिसेल.

आम्ही ज्या मुलांविषयी बोलतो त्यांस रविवारी सुटी मिळत नाही. ठेकेदार पाळी लावतो ती घ्यावी लागते. म्हणून ती मंगळवारी रात्री काम सुटल्यावर खोलीत जमतात, मोबाईलवर शास्त्र वाचतात, भजन म्हणतात, आणि आजारी सोबत्यासाठी आपसात वर्गणी काढतात. त्यांनी जवळच्या एका मंडळीकडे विनंती केली की, आम्हांस तुमच्यात घ्या, आणि वस्तीतल्या लेकरांची शब्बाथ शाळा चालविण्याचे काम द्या. उत्तर आले की, आधी रविवारी नियमित या, मग पाहू. तिकडे गावच्या मंडळीतही, फार दिवस उपासनेस न आल्यामुळे त्यांची नावे सभासदांच्या यादीतून काढावी अशी चर्चा सुरू झाली.

उत्तर देणाऱ्यांस आम्ही दोष देत नाही. त्यांच्या बाजूस साक्षात पौल आहे. प्रेषितांची कृत्ये ह्या पुस्तकाच्या तेराव्या व पंधराव्या अध्यायांत ही हकीकत आहे. योहान मार्क हा तरुण पौल व बर्णबा ह्यांच्याबरोबर पहिल्या फेरीवर निघाला आणि पंफुल्यात पोहोचताच त्यांस सोडून यरुशलेमेस परत गेला. का गेला हे लूक सांगत नाही. पुढे दुसऱ्या फेरीची वेळ आली तेव्हा बर्णबा म्हणाला, मार्कला घेऊ. पौल म्हणाला, जो वाटेत सोडून गेला त्यास घेणे बरे नाही. वाद इतका वाढला की दोघे एकमेकांपासून वेगळे झाले.

पौलाचे म्हणणे हलके समजू नये. पुढे वाटेत फटके व तुरुंग होता. अशा वाटेवर एक जण कच्चा निघाला तर त्याचा भार इतरांच्या पाठीवर पडतो. आणि ज्यांच्यासाठी सुवार्ता न्यावयाची त्यांचेही नुकसान होते. भरवसा टाकणारा स्वतःच्याच खिशातून खर्च करीत नाही, दुसऱ्याच्याही खिशातून करतो. हे ध्यानात न घेता ‘तरुणांना संधी द्या’ म्हणणे फार सोपे आहे.

तरीपण बर्णबाने काय केले ते पाहावे. त्याने मार्कला शिफारसपत्र देऊन कोठे धाडले नाही; त्याला बरोबर घेऊन तो कुप्रास जहाजाने गेला. भरवसा टाकला आणि त्याची जोखीम स्वतः सोबत राहून उचलली. कोणी म्हणेल, मार्क त्याचा भाऊबंद होता म्हणून त्याने असे केले. असेल. पण आपल्या मंडळीतले तरुण आपले कोण लागतात? पुढे त्याच पौलाने तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रात लिहिले की मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. पौलाच्या कसोटीस उतरणारा मार्क बर्णबाच्या भरवशाने घडला, असे आम्हांस वाटते.

आपण मराठी ख्रिस्ती लोक तर अशाच भरवशाची फळे आहोत. १८०६ साली अमेरिकेत विल्यम्स कॉलेजातील पाच विद्यार्थी पावसातून आसरा घेण्यास गवताच्या गंजीपाशी थांबले आणि तेथे त्यांनी परदेशी सुवार्ता नेण्याविषयी प्रार्थना केली. १८१० साली ब्रॅडफर्ड येथे वडीलमंडळींच्या सभेपुढे तरुणांनी अर्ज ठेवला. अर्जावर चार सह्या होत्या. मुळात सहा व्हावयाच्या होत्या, परंतु इतके जण पाहून वडील घाबरतील म्हणून दोघांची नावे गाळली. त्यातूनच अमेरिकन बोर्ड निघाले. पैशाची चिंता इतकी की, ह्या तरुणांचा थोडा खर्च तुम्ही सोसाल काय, हे लंडनच्या मिशनरी सोसायटीस विचारण्यास एकाला पाठविले. लंडनने एकत्र खर्चाची कल्पना नाकारली. शेवटी १८१२ साली पाच जणांना दीक्षा मिळाली. त्यांपैकी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरले. तेथेही कंपनी सरकार त्यांस परत पाठवू पाहत होते. हॉल त्या वेळी अठ्ठावीस वर्षांचा होता. १८२६ साली नाशिककडच्या प्रवासात पटकीने तो मरण पावला. अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ हा असा झाला.

आता दुसरी बाजूही सांगतो, कारण ती लपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्या पाचांपैकी जडसन आणि राइस ह्या दोघांनी हिंदुस्थानात पोहोचताच बाप्तिस्म्याविषयीचे आपले मत बदलले आणि त्यांस पाठविणाऱ्या बोर्डाचा संबंध सोडला. नेवेल ह्याची पत्नी हॅरिएट एकोणिसाव्या वर्षी मॉरिशस बेटावर वारली. सावध वडिलांची भीती पोकळ नव्हती. परंतु त्यांनी पात्रता पुरी पटेपर्यंत वाट पाहिली असती, तर ती पटविण्याचे साधन त्यांच्याजवळ कोणते होते?

आणि हाच न्याय आपल्या बाबतीत उलट लावला गेला तेव्हा आपणांस कसे वाटले? हिंदी माणूस अजून तयार नाही, हे वाक्य आपल्या पूर्वजांनी बहुत काळ ऐकले. १९१० साली एडिंबरोच्या परिषदेत अझरिया ह्यांनी मिशनऱ्यांस भरसभेत सांगितले की, तुमचे दान व श्रम आम्ही पाहिले, आता आम्हांस मैत्री द्या. तेव्हा त्यांचे वय पस्तीस होते. १९१२ साली त्यांस बिशप करण्याचे ठरले तेव्हाही ह्या पदास हिंदी मनुष्य योग्य होईल काय, अशी शंका काढणारे होतेच. जे माप आपल्याला लावलेले आवडले नाही, ते आपण आपल्या मुलांस लावीत आहोत.

तरुणांनाही दोन शब्द. ध्वनिवर्धक आणि गिटार ह्यांसाठी पुढे येणारे पुष्कळ असतात. सतरंज्या घालण्यास, विधवेच्या घरी पाणी भरण्यास, वर्गणीचा हिशेब लिहिण्यास कमी असतात. मार्क पहिल्या फेरीवर सेवक म्हणूनच गेला होता, आणि पौलाने त्यास पुढे बोलावले तेही सेवेसाठीच. आणि मुलींविषयी इतकेच म्हणतो की, शब्बाथ शाळा ज्या चालवितात त्यांस पंचमंडळात बसण्यास जागा नसेल, तर तेथे भरवशाचा प्रश्न आणखी लांबचा आहे.

अंजूरच्या मुलांविषयी आमचे मत असे. शब्बाथ शाळेचे काम त्यांस आता द्यावे, हिशेब व हजेरी त्यांनी ठेवावी, आणि मंडळीतील एका वडिलांनी मंगळवारी रात्री त्यांच्या खोलीवर जाऊन बसावे. रविवारची उपासना सोडावी असे आम्ही म्हणत नाही. महिन्यातून एक रविवार सुटी मिळावी म्हणून ठेकेदाराशी बोलण्यासही कोणीतरी वडील बरोबर गेले पाहिजेत. एकट्या मुलाचे तो ऐकत नाही. प्रभुभोजन त्या खोलीत नेऊन द्यावे की नाही, ह्याविषयी पाळकांतच मतभेद आहेत आणि तो निर्णय आम्हां एकट्याचा नाही. परंतु यादीतून नावे काढण्याचा ठराव ज्या मंडळीपुढे असेल, तिने तो घेण्याआधी त्या मुलांपैकी दोघांना सभेत बोलवावे, आणि सभेचा वार ठरविताना त्यांची पाळी विचारावी.