चौथीचा हिस्सा

रोशन गेटकडच्या एका गल्लीत 2012 साली आम्ही चौघींनी एक खोली आणि लहानसे स्वयंपाकघर भाड्याने घेतले. तेव्हा या शहराचे नाव औरंगाबाद होते. छत्रपती संभाजीनगर हे नाव 2023 मध्ये लागले. बी.एड. त्या वेळी एकाच वर्षाचे होते, दोन वर्षांचे ते 2015 पासून झाले. त्यामुळे घरच्यांची समजूत घालताना ‘एकच तर वर्ष आहे’ हे वाक्य आम्हा सर्वांच्या उपयोगी पडले. एक जिंतूरची, एक अंबडची, एक कन्नडची आणि एक पाथरीची. भाडे चार हजार, अनामत आठ हजार. म्हणजे प्रत्येकीने महिन्याला एक हजार आणि अनामतीचे दोन हजार द्यायचे. हिशेब असा की चौथीतल्या मुलीनेही तोंडी करावा. कागद मात्र कुठेच नव्हता. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने भाड्याचा करार लेखी हवा, त्याची नोंदणी हवी आणि ती जबाबदारी घरमालकाची, असे ठरवले आहे. पण आमच्या मोहल्ल्यांत खोली मिळते ती कुणाच्या तरी शब्दावर, आणि मुलींना मिळते ती तर दहा जणांच्या शब्दावर.

त्या वर्षी बकरी ईद 27 ऑक्टोबरला होती. चौघी आपापल्या गावी गेलो आणि तिघी परत आलो.

पहिले दोन दिवस वाटले, एस.टी. चुकली असेल. मग वाटले, ताप आला असेल. पाथरीच्या मैत्रिणीचा स्वतःचा फोन नव्हता. जो नंबर होता तो तिच्या भावाचा. तो दोनदा वाजला आणि पुढे बंदच लागू लागला. बारा-तेरा दिवसांनी वर्गातल्या एकीने बातमी आणली की तिचा निकाह झाला. ईदला पाहुणे आले, बोलणी झाली आणि पंधरवड्याच्या आत ती सासरी गेली. तिचा लोखंडी पलंग, पत्र्याची पेटी, रॉकेलचा स्टोव्ह आणि फळीवरच्या वह्या आमच्याकडे तशाच राहिल्या.

आमच्या घरमालकीणबाईंना आम्ही खाला म्हणत असू. शौहर वारले होते, मुलगा शिकत होता आणि त्यांचे सगळे घर या एका भाड्यावर चालत होते. भाडेकरू-मालकाच्या गोष्टीत मालक नेहमी मुजोर असतो. इथे तशी सोय नव्हती. त्या म्हणाल्या, ‘‘तुम चार रहो के तीन रहो, मेरेकू तो चार हजारच होना बेटी. मेरा चूल्हा उसीच पे है.’’ यावर काय बोलणार?

चार हजार भागिले तीन म्हणजे एक हजार तीनशे तेहतीस. पण जिंतूरच्या मैत्रिणीचे अब्बा मोंढ्यात हमाली करत. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवले होते की हजाराच्या वर एक रुपया मिळणार नाही. जमत नसेल तर घरी परत ये. तीनशे तेहतीस रुपयांनी तिचे बी.एड. थांबले असते. शिवाय ‘चौघी एकत्र राहणार आहेत’ हेच आमच्या प्रत्येकीच्या घरी परवानगीचे कारण होते. चारातली एक गेली की तिसरीच्या घरीही प्रश्न निघतो, दुसरीच्याही. म्हणून खोलीतली गोष्ट खोलीत ठेवली आणि उरलेल्या दोघींनी पंधराशे-पंधराशे भरायचे ठरवले. नोव्हेंबर असाच गेला, डिसेंबरही. जानेवारीत नवी मुलगी मिळाली.

इथवर आम्ही तिघी बिचाऱ्या होतो. आज इतक्या वर्षांनी लिहायचे आहे ते पुढचे.

नव्या मुलीने अनामतीचे दोन हजार आणले. ते खालांकडे गेले नाहीत. पाथरीवालीचे दोन हजार त्यांच्याकडे जमा होतेच, म्हणून नवे पैसे आम्ही ठेवून घेतले. ज्या दोघींनी दोन महिने पाचशे-पाचशे जादा भरले होते, त्यांचे एकेक हजार परत मिळाले. म्हणजे एका रुपयाचेही नुकसान उरले नाही. तरीही आम्ही तिचा पलंग नव्या मुलीला सहाशे रुपयांना विकला आणि दोनशे-दोनशे वाटून घेतले. जिच्या खिशातून काहीच गेले नव्हते त्या जिंतूरवालीनेही घेतले. आम्ही त्याला ‘झालेल्या त्रासाचे’ असे म्हटले. पेटी पाथरीच्या एका ओळखीच्या माणसाबरोबर पाठवली. स्टोव्ह वापरला. वह्या रद्दीत घातल्या. आणि दोन महिने रोज रात्री जेवताना तिच्याबद्दल बोललो ते वेगळेच. तिचे पोकळ वचन, तिचे गोड बोलणे, लग्नाची हौस. गीबत म्हणजे काय हे आम्ही दुसऱ्या दिवशी सराव पाठात मुलांना शिकवणार होतो.

ती आम्हाला काय देणे लागत होती, हा प्रश्न नीट विचारायला आम्हाला फार वर्षे लागली.

करार कायदा 1872 चा आहे. त्याचे कलम 43 जणू आमच्या खोलीसाठीच लिहिले असावे. अनेकांनी मिळून एक वचन दिले आणि वेगळे काही ठरले नसेल, तर समोरचा त्यांतल्या कुणाही एकाकडून पुरे वसूल करू शकतो. ज्याने भरले तो बाकीच्यांकडून सारखा वाटा मागू शकतो. आणि एखाद्याने वाटा बुडवला तर उरलेल्यांनी ते नुकसान सारखे सोसायचे. खालांचे म्हणणे कायद्याला धरूनच होते म्हणायचे. पण ‘सारखे’ या शब्दापाशी आम्ही अडतो. सारखे वाटले असते तर जिंतूरची मुलगी घरी गेली असती. आम्ही असमान वाटून घेतले ते कायद्याहून बरे होते असे आम्हाला अजूनही वाटते. त्या दोन महिन्यांत आमच्या हातून झालेली ती बहुधा एकच धड गोष्ट.

आता जाणारीची बाजू. भाड्याचा करार मध्येच मोडता येतो का, यावर आपल्या हनफी फिकहमध्ये फार मोकळा विचार आहे. मर्गीनानींच्या ‘हिदाया’त उज्राची, म्हणजे खऱ्या अडचणीची, उदाहरणे येतात. दात दुखतो म्हणून एकाने तो उपटायला लोहाराला ठरवले आणि दुखणेच थांबले. आता ठरलेय म्हणून दात काढून घ्यायचा का? वलीम्याला आचारी ठरवला आणि बायकोने खुला घेतला. मग आचाऱ्याने कुणासाठी शिजवायचे? बाजारात दुकान भाड्याने घेतले आणि भांडवलच बुडाले. करार पाळायचा तर त्यात न ठरलेली हानी सोसावी लागते, अशी वेळ आली की करार सुटतो. शाफई फुकहा इतके सैल सोडत नाहीत. आठशे वर्षांपूर्वीच्या त्या पानांवर पाथरीच्या मुलीला जागा मिळाली असती यात आम्हाला शंका नाही. तिला परत येऊन खोलीत राहणे शक्यच नव्हते.

म्हणजे जाणे हा गुन्हा नाही. मग आमचा राग कशाचा होता? पैशांचा म्हणावा तर ते परत मिळाले. राग न कळवल्याचा होता. ती ईदच्या चौथ्या दिवशी कळवती तर आम्ही पाचव्या दिवशी दुसरी मुलगी शोधायला लागलो असतो. न सांगता जाणारा माणूस मागे राहिलेल्यांना न विचारता आपला जामीन करून जातो. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने महिन्याच्या भाडेपट्ट्याला पंधरा दिवसांची नोटीस पुरेशी मानली आहे. ते मालक-भाडेकरूंचे झाले, पण एका खोलीत राहणाऱ्यांनी आपसात तेच माप धरले तर काय बिघडते? पंधरा दिवसांचे तिच्या हिश्शाचे भाडे पाचशे रुपये होते. शोधायला वेळ लागतो, परीक्षा असतात, सवलत आमच्याच बाजूला द्या, तर फार तर एका महिन्याचे हजार.

दुसऱ्या महिन्याचे काय? इथे कबूल करायला हवे की डिसेंबरात दोन मुली खोली बघायला आल्या होत्या. एक नर्सिंगची होती, रात्रपाळी करायची. झोपमोड होईल म्हणून नाही म्हटले. दुसरी फार बोलते म्हणून नाही म्हटले. शिवाय तिच्या कोपऱ्यात आम्ही पाय पसरले होते, दोरीवर कपडे वाळत घातले होते, तीन जणींची खोली चांगली वाटू लागली होती. त्याच करार कायद्याचे कलम 73 सांगते की नुकसान मोजताना ते टाळण्याचे कोणते उपाय हाताशी होते हेही पाहावे. आमच्या हाताशी दोन होते. त्या महिन्याची ऐसपैस जागा आम्ही उपभोगली आणि भाडे तिच्या अनामतीतून वळते केले.

पलंगाची गोष्ट तर आणखी सरळ आहे. बुडव्याची वस्तू हाती लागली तर आपले येणे त्यातून परस्पर घ्यावे का, यावरही फुकहांनी विचार केला आहे. जुन्या हनफी मताप्रमाणे येणे ज्या जातीचे, त्याच जातीची वस्तू घेता येते. पैशाच्या बदल्यात पैसा. पलंग विकून पैसे करण्याची मुभा त्यात नाही. आणि आमचे तर येणेही फिटले होते. ती वस्तू आमच्याकडे अमानत होती.

2014 मध्ये रमजानच्या आधी आमच्यातल्या दोघींना ती शहागंजात भेटली. कडेवर बाळ, सोबत सास. आम्हाला वाटले, पलंगाचे विचारील. आमची उत्तरे तयार होती. तिने विचारले, ‘‘गे, मेरी टाचणवही है क्या?’’

सूक्ष्म अध्यापनाचे पाठ तिने ईदच्या आधी पूर्ण केले होते. आमच्या सगळ्यांत तिचे अक्षर सुंदर, नस्तालीक असे की प्राध्यापक तिची वही वर्गात फिरवत. पुढेमागे परवानगी मिळालीच तर उपयोगी पडेल, म्हणाली. मग हळूच म्हणाली, ‘‘भाईजानकू बोली थी मैं, फोन कर दो बोलके.’’ भाईजानना गरज वाटली नसावी. तिलाच कुणी चार दिवस आधी सांगितले नव्हते, तर तिच्या मैत्रिणींना कोण सांगणार? मुलीच्या वतीने शब्द देणारे आपल्याकडे पुष्कळ असतात, तिचा निरोप पोहोचवायला मात्र कुणी सापडत नाही.

‘बघतो’, असे आम्ही तिला सांगितले. वही रद्दीत गेल्याला तेव्हा दीड वर्ष झाले होते.

कळवण्याला किती किंमत असते हे 2020 मध्ये पुन्हा दिसले. 25 मार्चपासून टाळेबंदी लागली तेव्हा या शहरातल्या खोल्यांतून कितीतरी विद्यार्थी पुस्तके तशीच टाकून गावी निघून गेले. 29 मार्चला केंद्राने आदेश काढला की मजुरांकडून महिनाभर भाडे मागू नये, मजुरांना व विद्यार्थ्यांना घर सोडायला लावू नये. 17 एप्रिलला राज्याच्या गृहनिर्माण विभागाने भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलावी असे सांगितले. हे पुढे ढकलणे होते, माफी नव्हती. आणि खालांसारख्या मालकिणींचे काय, हे त्यात कुठे नव्हते. एका खोलीतल्या चौघांनी आपसात काय करावे, तेही नव्हते. आमच्या ओळखीचे तीन तरुण शिक्षक एकत्र राहत. एक गावी अडकला. त्याने पहिल्याच रात्री संदेश पाठवला की एप्रिलचा माझा हिस्सा देतो, पुढचे मला जमणार नाही, तुम्ही ठरवा. पुढचे दोन महिने त्या दोघांनीच भरले. त्यांच्या तोंडून आम्ही त्याच्याविषयी वाकडा शब्द ऐकला नाही.

बंद्यांचे हक्क बंद्यानेच माफ करायचे असतात, हे आपण मुलांना शिकवतो. म्हणून यंदा आम्ही हिशेब मांडला. दुसऱ्या महिन्याचे एक हजार, ज्या दोघींनी घेतले त्यांचे पाचशे-पाचशे. पलंगाचे सहाशे, तिघींचे दोनशे-दोनशे. एकूण सोळाशे. स्टोव्हचे तिलाच विचारू. वहीचा आकडा आम्हाला मांडता आला नाही.

जिंतूरवाली आता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिने फोनवर पुरे ऐकूनही घेतले नाही. दोनशे त्याच संध्याकाळी पाठवले. एकीचे सातशे जमा झाले. तिसरी मात्र म्हणाली की तेरा-चौदा वर्षांनी हे कशाला उकरता, तिला आठवतही नसेल. त्यानंतर ती फोन उचलत नाही. त्यामुळे कलम 43 पुन्हा आमच्या दारात आले आहे: देणे तिघींचे, एक गायब, आणि उरलेल्यांतली एक अशी की तिच्याकडे जादा मागायला आजही जीभ रेटत नाही.

पाथरीत चौकशी करून तिचा पत्ता मिळवला आहे. मिळालेला फोन नंबर तिच्या नवऱ्याचा आहे, म्हणून फोनवरून पैसे पाठवणे आम्ही टाळले. एका शिक्षिकेच्या हाती पाकीट जाईल. त्यावर नाव तिचेच घातले आहे. आत सध्या नऊशे आहेत. उरलेले सातशे एक तारखेला टाकू, पगार वेळेवर झाला तर.