पोथी, मसुदा आणि पीडीएफ

गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली मुंबईत शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापले, त्या काळी शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यातील मंडळी छापील कागदास शिवत नसत, आणि पुढे त्यांच्यासाठी तुपाची शाई सिद्ध करावी लागली, अशी हकीकत सांगतात. त्या आग्रहाला आज हसणे सोपे आहे. परंतु मजकूर तोच असता तो कोणत्या देहात वावरतो यास काही महत्त्व आहे काय, हा त्यामागील प्रश्न हास्यास्पद नव्हे, आणि गिरगावातील एखाद्या भजनी मंडळाचा चिटणीस आरतीसंग्रहाची फाइल वर्डमध्ये ठेवावी की पीडीएफमध्ये, या विचारात पडतो तेव्हा तोच प्रश्न त्याच्यापुढे उभा असतो.

देह ही केवळ उपाधी, असे म्हणून वेदान्ती मोकळा होईल. हा निकाल मला घाईचा वाटतो. आपल्या छपाईच्या दुकानांत वर्षानुवर्षे जुन्या पद्धतीच्या फाँटांत जो मजकूर जुळवला गेला, तो संगणकाच्या लेखी बहुतांशी रोमन अक्षरांचाच असून देवनागरीचे रूप त्यास केवळ फाँट देतो. फाँट काढला की ज्ञानदेव अदृश्य होतात आणि कंस, टिंबे व इंग्रजी अक्षरे मागे उरतात. अशा फाइलीची पीडीएफ केली तर आरती डोळ्यांस निर्दोष दिसते, पण तीत ‘विठ्ठल’ शोधू जावे तर विठ्ठल सापडत नाही. रूप नष्ट झाले तरी नाम उरते, ही संतांची ग्वाही येथे उलटी पडते.

शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि त्यात कोणी आपली ओवी घालू नये अशी ताकीद दिली. एकदा ठरलेला पाठ हलू नये, हा पीडीएफचा पक्ष होय. पीडीएफचाच पीडीएफ/ए हा प्रकार २००५ पासून दीर्घकालीन जतनासाठी आंतरराष्ट्रीय मानक ठरला असून त्यात फाँट फाइलीतच अंतर्भूत करण्याची अट आहे. (पीडीएफ बदलता येत नाही ही समजूत मात्र भाबडी, ताकिदीनंतरही ज्ञानेश्वरीच्या सर्व प्रतींत ओव्यांची संख्या एक नाहीच.) उलट, गाता गाता पाठभेद स्वीकारणाऱ्या भजनी परंपरेस खुला मसुदाच मानवतो, आणि त्यासाठी कोणा एका कंपनीच्या मालकीचे नसलेले, २००६ साली मानक म्हणून मान्य झालेले ओडीएफ हे फाइलस्वरूप मला वर्डहून अधिक विश्वासाचे वाटते.

माझा कौल असा, की मजकूर आधी युनिकोडमध्ये, म्हणजे देवनागरी अक्षर संगणकाच्या लेखीही देवनागरीच राहील अशा संकेतात, आणावा, मसुदा ओडीएफमध्ये चालू ठेवावा आणि मंडळाने संमत केलेला पाठ साल घालून पीडीएफ/एमध्ये दफ्तरी लावावा. गिरगावातील केशवजी नाईक चाळीचा गणेशोत्सव १८९३ पासूनचा आहे. लालबाग-परळची मंडळेही जुनी आहेत. अशा जुन्या मंडळांपैकी ज्यांच्या आरत्या व अहवाल जुन्या फाँटांत अडकले असतील, त्या चिटणिसांनी ते फाँट जाणणारे कारागीर दादरच्या दुकानांत मिळताहेत तोवर रूपांतराचे काम हाती घ्यावे.