दिवा जळतो, जागते कोण?

आयर्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यापासून सुमारे १२ किलोमीटर अंतरावर, अटलांटिक महासागरात, स्केलिग मायकल नावाचे एक बेट आहे. बेट कसले, समुद्रातून सरळ वर आलेला २१८ मीटर उंचीचा तो एक सुळकाच! मुख्य देवदूत संत मायकल यांचे नाव त्याला लाभले आहे. या सुळक्यावर १८२६ साली दीपगृह उजळले आणि पुढची १६१ वर्षे तेथे दर रात्री कोणी ना कोणी माणूस जागा राहिला. १९८७ च्या एप्रिल महिन्यात शेवटचे दीपरक्षक बेट सोडून गेले. दिवा मात्र विझला नाही. तो यंत्राच्या स्वाधीन झाला आणि आजही ठरल्या वेळी उजळतो. दहा वर्षांनी, १९९७ च्या मार्चमध्ये, डब्लिनजवळच्या बेली दीपगृहातूनही रक्षक निघाले. आयर्लंडच्या किनाऱ्यावर माणसाने राखलेले ते शेवटचे दीपगृह होते.

दुरून जाणाऱ्या खलाशाच्या दृष्टीने पाहिले तर काहीच बदलले नाही. त्याला प्रकाश हवा होता, तो मिळतो आहे. मग काही हरवले, असे म्हणायचे कशासाठी? की गतकाळाविषयीच्या हळव्या ओढीपलीकडे त्या हरवण्याला काहीच अर्थ नाही? हा प्रश्न केवळ आयर्लंडचा नव्हे. जे काम पूर्वी माणूस जागून करीत असे ते यंत्र करू लागते, तेव्हा माणसाच्या जागण्याची किंमत काय राहते, असा तो प्रश्न आहे.

आरंभीच एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करावयास हवी. दीपरक्षकांचे जीवन दुरून जितके काव्यमय दिसते, तितके ते नव्हते. तेलाच्या दिव्यांच्या काळात वात नीट राखणे, काचा आणि भिंगे पुसणे, भिंग फिरवणाऱ्या घड्याळासारख्या यंत्राला वेळेवर चावी देणे, हवामानाची नोंद करणे आणि आपली पाळी संपली की सोबत्याला झोपेतून उठवणे, असा तो अखंड क्रम असे. त्यात सणवार नव्हते. नाताळची रात्रही इतर रात्रींसारखीच. समुद्र खवळला की सुटका करणारी बोट खडकाला लागत नसे आणि घरी जायला निघालेला माणूस बांधलेल्या गाठोड्याशेजारी दिवस मोजत बसे. स्केलिगवर १९६९ पासून हेलिकॉप्टर येऊ लागले, तेव्हा हा जाच बराच कमी झाला.

एकोणिसाव्या शतकात तर दीपरक्षकांची कुटुंबेही त्या सुळक्यावर राहत. जेथे मोठ्या माणसानेही जपून पाऊल टाकावे, तेथे आया आपली लेकरे वाढवीत होत्या. बेटावरील प्राचीन मठाच्या आवारात संत मायकल यांच्या नावाच्या पडक्या चर्चमध्ये दोन लहान मुलांना पुरले आहे. ती एकाच दीपरक्षकाची मुले. एक १८६८ मध्ये वारले, दुसरे १८६९ मध्ये. जहाजांना वाट दाखवणाऱ्या त्या पित्याला आपल्या घरातील अंधारावर काही इलाज सापडला नाही. पुढे कुटुंबांना मुख्य भूमीकडे ठेवण्यात आले. मुले सुरक्षित झाली. पण मग बाप घरापासून दूर पडला. म्हणून यंत्र आले आणि माणसे परत गेली, हे ऐकून कोणा घरात आनंदाची चूल पेटली असेल, तर त्या आनंदाला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही.

आता विचाराची दुसरी बाजू पाहू. प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने माणसाच्या कृतींत एक भेद केला होता. काही कृतींचे साध्य त्या कृतीबाहेर असते. सुतार खुर्ची करतो. खुर्ची तयार झाली की काम संपले. काही कृतींचे साध्य मात्र त्या कृतीतच असते. न्यायाने वागणे हे न्यायाने वागण्यासाठीच असते. त्यातून हाती धरता येईल अशी वस्तू निघत नाही. दीपरक्षकाच्या कामात हे दोन्ही धागे एकत्र विणलेले होते. त्याच्या श्रमातून समुद्रावर प्रकाश पडे, हे झाले बाहेरचे फळ. परंतु ज्याचे तोंड कधी दिसणार नाही, ज्याचे नाव कधी कळणार नाही आणि जो कधी आभार मानायला येणार नाही, अशा परक्या माणसासाठी रात्रभर जागणे, हे दुसरे फळ होते. ते समुद्रावर पडत नव्हते. ते जागणाऱ्याच्या अंतःकरणात पिकत होते.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली मानवी श्रमावर ‘लाबोरेम एक्सर्चेन्स’ हे विश्वपत्र लिहिले. त्यात त्यांनी श्रमाची वस्तुनिष्ठ बाजू आणि व्यक्तिनिष्ठ बाजू असा भेद स्पष्ट केला. श्रमातून काय निर्माण झाले, ही एक बाजू. श्रम करणारी व्यक्ती कोण आहे आणि श्रमातून ती कशी घडते, ही दुसरी. श्रमाची प्रतिष्ठा प्रथम या दुसऱ्या बाजूवर उभी आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. या कसोटीवर पाहिले तर यंत्राने दीपरक्षकाची पहिली बाजू पूर्णपणे उचलली. दुसरी बाजू त्याला उचलता येणार नाही, कारण यंत्र घडत नाही. ते फक्त चालते किंवा बंद पडते.

येथे कोणी घाईने निष्कर्ष काढील की, मग यंत्र वाईट आणि जुनी रीत चांगली. या निष्कर्षात एक सूक्ष्म अन्याय दडलेला आहे. दुसऱ्याचे अंतःकरण घडावे म्हणून त्याला खडकावर ठेवण्याचा हक्क आपल्याला कोणी दिला? स्केलिगचाच इतिहास हा भेद आपल्यासमोर ठेवतो. दीपगृहाच्या हजारभर वर्षे आधी त्या सुळक्यावर ख्रिस्ती मठवासी राहत होते. मधमाश्यांच्या पोळ्याच्या आकाराच्या, चुन्याशिवाय रचलेल्या त्यांच्या दगडी झोपड्या आजही उभ्या आहेत; त्यांच्याकडे नेणाऱ्या ६०० हून अधिक पायऱ्याही आहेत. तेही रात्री जागत होते, परंतु स्वतःच्या निवडीने, व्रत म्हणून. दीपरक्षक तेथे गेला तो पोटासाठी, नेमणुकीच्या कागदावर. व्रत आणि नेमणूक यांत फरक आहे. स्वतः पत्करलेले कष्ट तप होऊ शकतात; दुसऱ्यावर लादलेल्या कष्टांना आपण तप म्हणू लागलो, तर ती धर्माची भाषा राहत नाही, ती सोयीची भाषा होते. आपल्या घरातील सुनेच्या, आजीच्या किंवा कामवाल्या बाईच्या श्रमांना ‘त्याग’ हे गोंडस नाव देऊन ते तसेच चालू ठेवताना आपण हाच अन्याय करीत असतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मठवासीयांनीही ते बेट कायमचे धरून ठेवले नाही. पुढे त्यांनी मुख्य भूमीवरील बॅलिनस्केलिग्ज येथे मठ केला आणि बेटावरचे वास्तव्य संपले. खडक सुटला म्हणून प्रार्थना सुटली नाही. तिची जागा बदलली. आयर्लंडच्या आग्नेय टोकावरील हूक येथे तर मठवासी हेच पहिले दीपरक्षक होते. संत दुवान यांच्या मठातील लोक खडकावर अग्नी पेटता ठेवीत, अशी तेथील परंपरा सांगते. तेराव्या शतकात विल्यम मार्शल या सरदाराने तेथे बुरूज उभारला, तेव्हाही त्याची राखण मठवासीयांकडेच आली. एकाच रात्री एकाच माणसाने देवासाठी जागावे आणि परक्या खलाशासाठीही जागावे, यात त्यांना दोन वेगळी कामे दिसली नसावीत. तो बुरूज अजून उभा आहे. त्याचा दिवाही १९९६ साली स्वयंचलित झाला.

तेव्हा प्रश्न असा मांडला पाहिजे: खडकावरून उठलेले जागरण गेले कोठे? आयर्लंडच्या दीपगृहांवर आज डन लेअरी येथील कार्यालयातून लक्ष ठेवले जाते. कोठे बिघाड झाला तर तेथे कळते. प्रत्येक दीपगृहासाठी स्थानिक देखभाल करणारा माणूस नेमलेला असतो. म्हणजे जबाबदारी नाहीशी झालेली नाही, ती दूर गेली आहे. आणि दूर गेलेल्या जबाबदारीचा एक स्वभाव असतो. ती हळूहळू पडद्यावरची खूण होते. नेमून दिलेली चूक घडली तरच यंत्र हाक मारते. न नेमलेली गरज त्याला दिसत नाही. खिडकीत उभ्या असलेल्या रक्षकाला दिव्याखेरीज आणखीही पुष्कळ दिसत असे: भरकटलेली होडी, बदलता वारा, नेहमीच्या वेळी न परतलेला कोळी. २०११ साली आयर्लंडमधील धुक्याचे भोंगे बंद करण्यात आले. जहाजांवर आता आधुनिक उपकरणे असतात, हे त्याचे कारण, आणि ते खोटे नाही. परंतु ज्याच्या होडीवर ती उपकरणे नाहीत त्याचे काय, हा प्रश्न कोणा माणसालाच पडावा लागतो. उपकरणाला तो पडत नाही.

आपल्या समाजाला हे परके वाटू नये. गोव्यातील आणि किनारपट्टीवरील कितीतरी ख्रिस्ती घरांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे बोटीवर कामाला जात आली आहेत. त्यांच्यासाठी कोणत्या परक्या किनाऱ्यावर कोण जागले, हे घरच्यांना कधीच कळले नाही. त्या अनामिक माणसांचे ऋण आपल्याही खात्यावर आहे, आणि ज्यांचे ऋण फेडायला ती माणसे सापडत नाहीत, ते ऋण जवळच्या कोणाकडे तरी फेडायचे असते.

तसे आपण करतो का? रुग्णालयात आजाऱ्याच्या उशाशी यंत्र लावलेले असते. हृदयाचा ठोका चुकला तर ते वाजते. ते असावेच, त्याने पुष्कळ प्राण वाचतात. परंतु यंत्र आहे म्हणून आपण निश्चिंत होऊन घरी गेलो, तर आजाऱ्याच्या मनातील भीती कोणत्या यंत्रावर उमटणार? वृद्ध आईला मोबाईल घेऊन दिला म्हणजे तिची विचारपूस झाली, असे समजणारी मुले वाईट नसतात. त्यांचा दिवा चालू असतो. फक्त खिडकीत कोणी नसते.

आपल्या चर्चमध्ये पवित्र पेटीजवळ अखंड दिवा तेवत असतो. तसा तो तेवत राहावा, असा चर्चचा नियमच आहे. पूर्वी त्यात तेल घालावे लागे. आता कित्येक ठिकाणी विजेचा दिवा असतो. परंतु दिवा आहे म्हणून भाविकांनी यायचे थांबवावे, असे कोणी म्हणत नाही. दिवा आपल्या ऐवजी जागत नाही. कोणाजवळ जागायचे, एवढेच तो दाखवतो. गेथशेमनी बागेत प्रभू येशूने शिष्यांकडे मोठे पराक्रम मागितले नव्हते. एक तासभर सोबत मागितली होती, आणि नेमकी तीच त्यांना देता आली नाही.

म्हणून यंत्राविषयी आपला निर्णय त्याने किती श्रम वाचवले यावर ठरू नये. वाचलेला वेळ कोणाला मिळाला, यावर तो ठरावा. स्केलिगवरून उतरलेला दीपरक्षक घरी जाऊन आपल्या मुलांच्या अभ्यासाशेजारी बसला असेल, आजारी पत्नीच्या उशाशी जागला असेल, तर खडकावरचे जागरण वाया गेले नाही. ते घरी आले. तोच वेळ त्याने कोणालाच दिला नसेल, तर यंत्राने समुद्र राखला, पण एक घर अंधारात राहिले, असे म्हणावे लागेल.

स्केलिगचा दिवा २००१ पासून सूर्याच्या शक्तीवर चालतो. दिवसाचे ऊन साठवून तो रात्री समुद्राला देतो आणि त्यासाठी आता कोणाच्याही लेकराला त्या कड्यावर वाढावे लागत नाही. हे चांगलेच झाले. मात्र यंत्रांनी आपल्याही घरांत पुष्कळ तास मोकळे करून दिले आहेत. या आठवड्यात त्यांतला एक तास आपल्या धर्मग्रामातील एखाद्या एकट्या माणसापाशी, हातातला मोबाईल बाजूला ठेवून, नुसते बसण्यासाठी द्यावा. त्याला कदाचित आपल्याशी काही बोलायचेही नसेल. कोणीतरी जागे आहे, एवढे त्याला कळले तरी पुरे.