नवी दिसणारी वीट

बजबजच्या घाटावर गेलं की हुगळीकाठच्या वीटभट्ट्यांची धुराडी दिसतात. रचून ठेवलेल्या ताज्या विटा पाहिल्या की मला देवदत्त रामकृष्ण भांडारकर आठवतात. १९११-१२ साली पुरातत्त्व खात्याचे अधिकारी म्हणून ते मोहेंजोदडोला गेले. विटा आजच्यासारख्या, कोरीव मृण्मय काम कुठे नाही. तेव्हा हे अवशेष फार तर दोनशे वर्षांचे, असा निर्वाळा त्यांनी दिला. १९१७ पासून ते कलकत्ता विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहासाचे कारमायकेल प्राध्यापक झाले. जुनं कसं ओळखावं हे पुढच्या पिढीला शिकवत असतानाच, १९२४ साली, जॉन मार्शल यांनी सिंधू संस्कृतीचा शोध जाहीर केला. तिथं आधी खणायला घेतलं होतं राखालदास बंदोपाध्यायांनी, तेही बौद्ध स्तूपाच्या ओढीनं!

हा किस्सा सांगून लोक हसतात. मला हसू येत नाही. भांडारकर निष्काळजी नव्हते. जुनी वीट कशी असते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि त्या ठाऊक असण्यानंच त्यांना फसवलं. अशा चुकीचा दोष माणसाला द्यायचा का?

यात माझा स्वार्थ आहे. काही वर्षांपूर्वी मी एका बंगाली बाईंच्या आठवणींचा अनुवाद केला. मुलगा न सांगता घर सोडून गेला, आणि अभिमानापोटी त्यांनी अकरा वर्षं त्याला पत्र लिहिलं नाही. मी 'अभिमान' तसाच ठेवला. बंगालीत तो आपल्याच माणसानं दुखावल्यावरचा रुसवा. त्यात मायाही असते. मराठीत बाई नुसत्या ताठ झाल्या. अडलेल्या शब्दांसाठी मी कोश उघडले, शेजारच्या काकीमांना विचारलं. या शब्दापाशी थांबलेच नाही, कारण तो मला माझाच वाटला. एका वाचकानं कळवलं, काय निष्ठुर आई!

त्या वेळी कुणालाही तसंच वाटलं असतं, ही सबब मी भांडारकरांना आनंदानं देईन. विटा आणखी दहा वर्षं मातीत राहिल्या, एवढंच. स्वतःला तीच सबब देताना मात्र जीभ अडखळते. त्या बाई आता हयात नाहीत. मराठीत त्यांची बाजू मांडणारी मीच.

पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघण्यासारखी नाही. उरलेल्या प्रतींत चिकटवायला दुरुस्तीच्या चिठ्ठ्या छापायच्या आहेत. 'रुसवा' फार लहान पडतो. 'मन दुखावल्यामुळे' यात माया येत नाही. कागद तसाच टेबलावर पडून आहे.